ग्यॉटिंगेनचा एप्रिल, बंगळूरची बैठक

७ एप्रिल १९३३ रोजी जर्मनीत एक कायदा झाला. 'व्यावसायिक नोकरशाहीच्या पुनर्स्थापनेचा कायदा' हे त्याचे नाव ऐकले तर तो सरकारी नोकरांच्या हिताचा वाटावा. हिटलर चॅन्सेलर होऊन तेव्हा दहा आठवडेही झाले नव्हते. जे अधिकारी आर्य वंशाचे नाहीत त्यांना निवृत्त करावे, असे या कायद्याचे तिसरे कलम सांगत होते, आणि राजकीयदृष्ट्या भरवशाचे नसलेल्यांना काढून टाकण्याची सोय चौथ्या कलमाने केली होती. चारच दिवसांनी निघालेल्या नियमावलीने 'आर्य नसणे' म्हणजे काय हेही ठरवून दिले: आजी-आजोबांपैकी एक जण ज्यू असला तरी पुरे. जर्मनीतील विद्यापीठे सरकारी असल्यामुळे तिथला प्राध्यापक हा सरकारी नोकरच होता. त्यामुळे न्यायाधीश, टपाल खात्यातले कर्मचारी आणि शाळामास्तर यांच्याबरोबर त्या काळचे कित्येक अग्रगण्य भौतिकशास्त्रज्ञ आणि गणितज्ञ एका दिवसात या कायद्याच्या कक्षेत आले.

२०२५ च्या सुरुवातीपासून अमेरिकेतल्या संशोधन-अनुदानांच्या कपातीच्या बातम्या येऊ लागल्या, आणि तिथल्या प्रयोगशाळांमध्ये मराठी घरांतली इतकी मुले-मुली काम करत आहेत की ही बातमी आपल्याकडे परदेशाची बातमी उरली नाही. या चर्चेत १९३३ चा दाखला वारंवार दिला जातो, पण बहुतेक वेळा तो 'जर्मनीने आइन्स्टाइन गमावला आणि अमेरिकेला तो मिळाला' या एका वाक्यात आटोपतो. मला हे वाक्य अपुरे वाटते. एका देशाच्या खात्यातून वजा झालेली रक्कम दुसऱ्याच्या खात्यात जशीच्या तशी जमा झाली असा हिशोब त्यात गृहीत धरलेला आहे, आणि तसे झाले नाही. मधल्या वाटेवर बरेच काही गळाले. काय गळाले, कोणाच्या हातून गळाले आणि त्यात आपल्या देशाचा भाग काय होता, हे मला इथे लिहायचे आहे.

ग्यॉटिंगेन हे मध्य जर्मनीतले छोटे विद्यापीठ-गाव. गाउस, रीमान, क्लाइन आणि हिल्बर्ट अशी गणितज्ञांची अखंड परंपरा तिथे शतकभराहून अधिक काळ चालत आली होती. गणिताच्या संस्थेची नवी इमारत १९२९ मध्ये रॉकफेलर प्रतिष्ठानच्या पैशातून उभी राहिली होती. शेजारच्या भौतिकशास्त्रात मॅक्स बॉर्न आणि जेम्स फ्रांक हे दोघे मित्र, एक सिद्धांताकडे आणि एक प्रयोगाकडे, असे काम वाटून घेत होते. बॉर्न, हायझेनबर्ग आणि योर्डान यांनी १९२५ मध्ये पुंजयामिकीची (क्वांटम मेकॅनिक्सची) पहिली सुसंगत मांडणी केली ती इथेच. पुंजयामिकीतला तरंग हा प्रत्यक्षात संभाव्यतेचा हिशोब आहे, हा अर्थ बॉर्न यांनी पुढच्याच वर्षी लावला. महाविद्यालयात शिकवताना हा नियम मी दरवर्षी फळ्यावर लिहीत असे आणि त्याखाली बॉर्न यांचे नाव लिहीत असे, पण तो लावणाऱ्या माणसाचे पुढे काय झाले हे अभ्यासक्रमात कुठेच नव्हते.

कायदा झाल्यावर पहिले पाऊल फ्रांक यांनी उचलले. ते पहिल्या महायुद्धात लढलेले, आयर्न क्रॉस हे युद्धपदक मिळालेले सैनिक होते. आघाडीवर लढलेल्यांना, १९१४ च्या ऑगस्टपूर्वीपासून सेवेत असलेल्यांना आणि ज्यांचे वडील किंवा मुलगा युद्धात कामी आला अशांना कायद्यात सूट होती, त्यामुळे फ्रांक यांना कोणी हात लावला नसता. तरीही १७ एप्रिलला त्यांनी राजीनामा दिला आणि तो वर्तमानपत्रांपर्यंत पोहोचवला. ज्यू वंशाच्या जर्मनांना परके आणि मायभूमीचे शत्रू म्हणून वागवले जात आहे आणि अशा स्थितीत मला ही सवलत नको आहे, असा त्याचा आशय होता. नोबेल पारितोषिक मिळालेला माणूस सुरक्षित खुर्ची सोडून उघडपणे बोलतो तेव्हा त्याच्या मागे कोण उभे राहते, याचे उत्तर आठवडाभरात मिळाले. ग्यॉटिंगेनच्या ४२ अध्यापकांनी सहीनिशी एक निवेदन काढले. फ्रांक यांच्या राजीनाम्यामुळे परदेशातल्या जर्मनीविरोधी प्रचाराला बळ मिळते, म्हणून तो घातपातासारखा आहे, असे त्यात म्हटले होते आणि सरकारने शुद्धीकरणाचे उपाय लवकर करावेत अशी अपेक्षाही व्यक्त केली होती. यातले सगळे काही पक्षाचे कार्यकर्ते नव्हते. फ्रांक यांच्या बाजूने तशा सह्यांचे उलटे निवेदन कोणी काढले नाही. मला त्या ४२ सह्यांइतकेच हे न निघालेले निवेदन महत्त्वाचे वाटते.

२५ एप्रिलला सहा प्राध्यापकांना सक्तीच्या रजेवर पाठवल्याचा आदेश आला. त्यांत बॉर्न होते, गणित-संस्थेचे संचालक रिखार्ड कुरांट होते आणि एमी नोएथर होत्या. बॉर्न यांना ही बातमी वर्तमानपत्रातून कळली. बारा वर्षे खपून उभे केलेले सगळे एका सकाळी संपले, असे त्यांनी पुढे आत्मचरित्रात लिहिले आहे. मे महिन्यात ते कुटुंबासह इटलीच्या हद्दीतल्या टिरोलमधल्या एका खेड्यात निघून गेले. तिथे हायझेनबर्ग यांचे पत्र आले. कायद्याचा फटका फार थोड्यांना बसेल, परिस्थिती निवळेल, आपण परत यावे, असा त्याचा सूर होता. हायझेनबर्ग यांच्या मनात गुरूविषयी खरीच कळकळ असावी, हे मी मान्य करतो. पण ज्याच्यावर वेळ आलेली नाही तो माणूस वेळेचा अंदाज किती सहजपणे चुकवतो, हे त्या पत्रातून दिसते.

कुरांट यांची हकीकत वेगळी आहे. तेही युद्धात जखमी झालेले अधिकारी होते, म्हणजे सूट त्यांनाही लागू होती, पण त्यांचा समाजवादी लोकशाही पक्षाशी संबंध असल्याने त्यांच्याविरुद्ध राजकीय कलम हाताशी होतेच. त्यांना सुरुवातीला आशा वाटत होती आणि त्यांनी आपल्या युद्धसेवेची कागदपत्रे जमवून रीतसर अर्ज केले. ओटो नॉयगेबाउअर यांनी आणि एका तरुण सहकाऱ्याने कुरांट यांच्यासाठी सह्या गोळा केल्या, तेव्हा बऱ्याच नामवंतांनी सही करायचे टाळले. कुरांट यांच्यानंतर संस्थेचा कारभार नॉयगेबाउअर यांच्याकडे आला, पण निष्ठेच्या प्रतिज्ञापत्रावर सही करायला नकार दिल्याने तो त्यांच्या हातून लगेच गेला. बाबिलोनी गणिताच्या मातीच्या पाट्या वाचणारा हा इतिहासकार ज्यू नव्हता. गप्प राहिला असता तर नोकरी टिकली असती. तो १९३४ मध्ये कोपनहेगनला गेला. मग हेर्मान वाइल यांनी संस्था सांभाळायचा प्रयत्न केला, पण त्यांच्या पत्नी ज्यू वंशाच्या होत्या आणि त्या वर्षअखेरीपूर्वी तेही प्रिन्स्टनला निघून गेले.

उरले एडमुंड लांडाऊ. १९०९ पासून ते तिथे प्राध्यापक असल्याने कायद्याने त्यांना हात लावता येत नव्हता. ते काम विद्यार्थ्यांनी केले. २ नोव्हेंबर १९३३ रोजी लांडाऊ कलनशास्त्राच्या वर्गावर निघाले तेव्हा दाराबाहेर विद्यार्थी जमले होते आणि आत वर्ग जवळजवळ रिकामा होता. या बहिष्काराचा पुढारी ओस्वाल्ड टाइशम्युलर हा विशीतला अत्यंत बुद्धिमान गणिती होता. आजही गणितात त्याच्या नावाच्या संकल्पना शिकवल्या जातात. लांडाऊ यांना त्याने स्पष्ट सांगितले की त्यांच्या गणिती योग्यतेविषयी त्याला शंका नाही, पण जर्मन विद्यार्थ्यांना परक्या वंशाच्या माणसाने मूलभूत शिक्षण देणे चालणार नाही. लांडाऊ यांनी निवृत्ती घेतली. राज्यकर्त्यांचा आदेश जिथे पोहोचत नव्हता तिथे वर्गातल्या पहिल्या बाकावरची मुले पोहोचली, आणि या सगळ्या प्रकरणातला मला सर्वांत अस्वस्थ करणारा भाग हाच आहे, कारण शिक्षकाला आपल्या उत्तम विद्यार्थ्याविषयी वाटणारा विश्वास त्यात मोडून पडतो.

पुढे शिक्षणमंत्री बर्नहार्ड रुस्ट यांनी एका मेजवानीत वृद्ध हिल्बर्ट यांना विचारले की ज्यूंच्या प्रभावातून मुक्त झाल्यावर ग्यॉटिंगेनचे गणित आता कसे आहे, आणि हिल्बर्ट उत्तरले की ग्यॉटिंगेनमध्ये आता गणित उरलेलेच नाही, अशी आठवण सांगितली जाते. इमारत होती, ग्रंथालय होते, विद्यार्थीही होते. पण घरातले शेवटचे विरजण संपले की दूध कितीही असले तरी दही लागत नाही, तसे तिथे झाले. ती परंपरा पुस्तकांतून नव्हे तर संध्याकाळच्या फिरण्यातून, चर्चासत्रातल्या टोकाच्या वादांतून आणि एकमेकांचे हस्तलिखित निर्दयपणे तपासण्यातून पुढे जात होती, आणि ती करणारी माणसे आता केंब्रिज, न्यूयॉर्क, प्रिन्स्टन, कोपनहेगन अशी विखुरली होती. कुरांट यांनी न्यूयॉर्कमध्ये पुढे मोठी संस्था उभी केली, पण त्यासाठी त्यांना जवळजवळ शून्यापासून सुरुवात करावी लागली.

बर्लिनमध्ये फ्रिट्झ हाबर यांची गोष्ट याहून कडू आहे. हवेतील नायट्रोजनपासून अमोनिया तयार करण्याची पद्धत शोधल्याबद्दल त्यांना १९१८ चे नोबेल मिळाले होते. पहिल्या महायुद्धात जर्मनीच्या विषारी वायूंच्या कार्यक्रमाचे नेतृत्वही त्यांनीच केले होते, ते देशाचे कर्तव्य समजून. सूट त्यांनाही होती. पण आपल्या संस्थेतल्या ज्यू सहकाऱ्यांना काढायला नकार देऊन त्यांनी ३० एप्रिलला राजीनामा दिला आणि काही महिन्यांतच जानेवारी १९३४ मध्ये बाझल येथे त्यांचे निधन झाले. ज्येष्ठ भौतिकशास्त्रज्ञ मॅक्स प्लांक मे १९३३ मध्ये हिटलरला भेटले आणि हाबर यांच्यासाठी रदबदली केली. प्लांक यांनी स्वतः नंतर लिहिलेल्या वृत्तांतानुसार, ज्यूंमध्येही निरनिराळ्या प्रकारचे लोक असतात, काही मानवजातीला मौल्यवान आणि काही निरुपयोगी, त्यांत फरक केला पाहिजे, अशी मांडणी त्यांनी केली. हिटलरने ती धुडकावली. प्लांक यांच्याविषयी मला आदर आहे. १९३५ मध्ये मंत्रालयाचा विरोध पत्करून त्यांनी हाबर यांची स्मरणसभा घेतली, आणि तेव्हाच्या बर्लिनमध्ये ते सोपे नव्हते. तरी त्या भेटीतली मांडणीच मला खटकते. 'हा उपयोगी आहे, याला तरी ठेवा' असे म्हणताना बाकीच्यांना काढण्याचा अधिकार आपण मान्य करतो. आजही एखाद्या देशातल्या संशोधकांवर संकट येते तेव्हा 'ते किती पेटंट मिळवतात, किती नोबेल मिळवतात' हाच युक्तिवाद आपण पुढे करतो, आणि हा धोका तेव्हाइतकाच खरा राहतो.

बाहेरचे दरवाजे उघडले ते मात्र सरकारांनी नव्हे, मोजक्या माणसांनी. लिओ सिलार्ड हा हंगेरियन भौतिकशास्त्रज्ञ मार्चच्या अखेरीस बर्लिनहून व्हिएन्नाच्या गाडीत बसला तेव्हा गाडी जवळजवळ रिकामी होती. दुसऱ्या दिवशी तीच गाडी खचाखच भरलेली होती आणि सरहद्दीवर ज्यू प्रवाशांना उतरवून घेतले गेले, असे त्याने सांगून ठेवले आहे. व्हिएन्नात त्याची गाठ लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे संचालक विल्यम बेव्हरिज यांच्याशी पडली आणि मे महिन्यात लंडनमध्ये 'अ‍ॅकॅडेमिक असिस्टन्स काउन्सिल' स्थापन झाली. अध्यक्ष होते अर्नेस्ट रदरफर्ड. ब्रिटिश प्राध्यापकांनी स्वतःच्या पगारातून वर्गणी दिली. निर्वासित विद्वानाला वर्षाला १८२ पौंड आणि विवाहित असेल तर २५० पौंड, इतके साधे अनुदान ठरले. ज्यांना या संस्थेने आधार दिला त्यांतल्या सोळा जणांना पुढे नोबेल मिळाले. फ्रायबुर्गमधून काढलेले हान्स क्रेब्स इंग्लंडमध्ये आले आणि शेफील्डमध्ये १९३७ मध्ये त्यांनी जे चक्र उलगडले ते आज अकरावी-बारावीच्या जीवशास्त्रात त्यांच्या नावाने शिकवतात.

दुसरा दरवाजा इस्तंबूलमध्ये होता. फ्रांकफुर्टचे विकृतिशास्त्रज्ञ (पॅथॉलॉजिस्ट) फिलिप श्वार्ट्झ यांनी झुरिकमध्ये जर्मन विद्वानांसाठी मदत-संघटना काढली आणि जुलै १९३३ मध्ये तुर्की सरकारशी करार करून तीसएक जागा एकदम मिळवल्या. अट अशी होती की तीन वर्षांत तुर्की भाषेत शिकवायला लागायचे आणि तुर्कीत पाठ्यपुस्तके लिहायची. ही गोष्ट नेहमी अतातुर्क यांच्या दूरदृष्टीचे उदाहरण म्हणून सांगितली जाते, आणि ती तशी आहेही. पण त्याच उन्हाळ्यात सरकारने जुने विद्यापीठ बंद करून तिथल्या निम्म्याहून अधिक तुर्की अध्यापकांना घरी बसवले होते, आणि त्यांच्या जागी हे जर्मन आले. एका देशात राजकारणामुळे रिकामे झालेले हात दुसऱ्या देशात राजकारणामुळेच रिकाम्या झालेल्या खुर्च्यांवर बसले.

न्यूयॉर्कमध्येही तशीच एक समिती झाली. तिच्याकडे सुमारे ६००० जणांनी मदत मागितली आणि मदत मिळाली ३३५ जणांना. हा आकडा समोर ठेवला की 'अमेरिकेला सगळे मिळाले' या वाक्याचे काय करायचे ते कळत नाही. वय फार असेल, वय फार कमी असेल, नाव झालेले नसेल, तर दार उघडत नव्हते. संस्थिती (टोपॉलॉजी) आणि संचसिद्धांताचा पाया घालणाऱ्यांतले एक, बॉनचे फेलिक्स हाउसडॉर्फ, सत्तरीला टेकलेले होते. १९३९ मध्ये त्यांच्यासाठी अमेरिकेत कुरांट यांच्याकडे विचारणा झाली, पण निष्पन्न काही झाले नाही. जानेवारी १९४२ मध्ये छावणीत हलवण्याचा हुकूम आल्यावर त्यांनी, त्यांच्या पत्नीने आणि मेहुणीने विष घेतले. हिल्बर्ट यांचे पहिले पीएचडी विद्यार्थी ओटो ब्लुमेंटाल १९३९ मध्ये हॉलंडपर्यंत पोहोचले. हॉलंड पडले. नोव्हेंबर १९४४ मध्ये ते टेरेझिनश्टाटच्या छावणीत मरण पावले.

एमी नोएथर यांच्याविषयी लिहिताना मी दर वेळी थांबतो. आधुनिक बीजगणित ज्यांनी घडवले आणि सममिती व अक्षय्यतेचे नियम यांचे नाते ज्यांच्या प्रमेयाने सिद्ध झाले, त्या बाईंना ग्यॉटिंगेनने पूर्ण पगाराची प्राध्यापकी कधी दिलीच नव्हती. शिकवण्याचा तुटपुंजा मोबदला तेवढा मिळे. ज्या नोकरीतून काढले ती नोकरी त्यांना नीट मिळालेलीच नव्हती. काढल्यावरही त्या घरी वर्ग घेत राहिल्या. निर्वासित-समितीच्या आणि रॉकफेलर प्रतिष्ठानच्या मदतीवर त्या पेन्सिल्व्हेनियातल्या ब्रिन मॉर या मुलींच्या महाविद्यालयात गेल्या आणि दोन वर्षांच्या आत, १४ एप्रिल १९३५ रोजी, शस्त्रक्रियेनंतर वारल्या. त्यांचा भाऊ फ्रिट्झ नोएथर हाही गणितज्ञ होता आणि ब्रेस्लाउमध्ये प्राध्यापक होता. त्याला पश्चिमेकडे जागा मिळाली नाही, पण सोव्हिएत संघातल्या टॉम्स्कला मिळाली. १९३७ मध्ये तिथे त्याला हेर म्हणून अटक झाली आणि सप्टेंबर १९४१ मध्ये ओर्योल येथे गोळ्या घालून मारण्यात आले. एकाच घरातली दोन माणसे, एकाच कायद्याने बाहेर पडलेली. ज्याने दार उघडले त्याच्या घरात काय चालले आहे, हे पाहण्याइतकी सवड निर्वासिताला नसते.

आता आपल्याकडे येतो. घरी राजकारणामुळे वाट बंद झालेला शास्त्रज्ञ आपल्याकडे येणे ही गोष्ट मुंबईला नवी नव्हती. ओडेसाचे वाल्देमार हाफकिन ज्यू होते आणि धर्म बदलायला तयार नव्हते, म्हणून रशियन साम्राज्यात त्यांची विद्यापीठीय वाट खुंटली. जिनिव्हा आणि पॅरिसमार्गे ते भारतात आले, आणि प्लेगची लस त्यांनी जानेवारी १८९७ मध्ये मुंबईत प्रथम स्वतःला टोचून घेतली. परळच्या संस्थेला १९२५ मध्ये त्यांचे नाव दिले गेले.

बॉर्न यांना केंब्रिजमध्ये तात्पुरती जागा होती. १९३५ मध्ये चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी त्यांना बंगळूरला बोलावले. जमशेटजी टाटा यांच्या देणगीतून उभी राहिलेली भारतीय विज्ञान संस्था तेव्हा पंचवीसेक वर्षांची होती आणि रामन हे तिचे पहिले भारतीय संचालक होते. जर्मनीतून बाहेर पडणाऱ्या सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञांना इथे आणायचे आणि प्रयोगाबरोबर सिद्धांताचीही पीठे, म्हणजे प्राध्यापकपदे, उभी करायची, ही त्यांची कल्पना त्या काळातल्या कुठल्याही भारतीय संस्थेच्या कल्पनेपेक्षा मोठी होती. बॉर्न पत्नी हेडी यांच्यासह आले आणि सुमारे सहा महिने राहिले. त्यांनी व्याख्याने दिली, रामन यांचे तरुण सहकारी नागेंद्र नाथ यांच्याबरोबर काम केले. बंगळूर त्यांना आवडले. कायमची जागा मिळाली तर राहायची त्यांची तयारी होती.

मग ती बैठक झाली. रामन यांनी बॉर्न यांच्यासाठी गणिती भौतिकीचे पीठ निर्माण करण्याचा प्रस्ताव मांडला आणि त्यांची तोंडभर स्तुती केली. त्यावर विद्युत अभियांत्रिकीचे इंग्रज प्राध्यापक अ‍ॅस्टन उठले आणि म्हणाले की स्वतःच्या देशातून हाकलला गेलेला दुय्यम दर्जाचा परदेशी माणूस आपल्या संस्थेला पुरेसा नाही. बॉर्न त्या बैठकीत समोर बसलेले होते. घरी परतल्यावर आपण पत्नीपाशी रडलो, असे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. ज्या माणसाने जर्मनी सोडताना धीर धरला तो बंगळूरमध्ये रडला, कारण हाकलले जाणे हाच आता त्याच्या लायकीविरुद्धचा पुरावा ठरला होता.

अ‍ॅस्टन यांच्यावर सगळा दोष टाकून मोकळे होणे सोपे आहे, पण ते खरे होणार नाही. रामन यांच्या एककल्ली कारभारावर संस्थेत मोठी नाराजी होती, भौतिकशास्त्राकडे पैसा वळतो म्हणून इतर विभाग चिडलेले होते, आणि पुढे नेमलेल्या चौकशी समितीनंतर १९३७ मध्ये रामन यांना संचालकपद सोडावे लागले. म्हणजे बॉर्न हे घरच्या भांडणात सापडले. असे नेहमीच घडते, आणि म्हणूनच ते लिहून ठेवायला हवे: निर्वासित विद्वानाला नकार बहुतेक वेळा द्वेषातून येत नाही, तो खात्याखात्यांतल्या मत्सरातून आणि अंदाजपत्रकातल्या तंट्यांतून येतो. १९३६ मध्ये बॉर्न यांना एडिनबराचे पीठ मिळाले आणि १९५४ मध्ये नोबेल. रामन आणि बॉर्न यांच्यात चाळीसच्या दशकात स्फटिकांच्या जालकाच्या गतिकीवरून तीव्र शास्त्रीय वाद झाला. तो वाद एकाच संस्थेच्या दोन मजल्यांवर बसून झाला असता तर भारतीय भौतिकशास्त्राला त्यातून काय मिळाले असते, या विचाराने मला आजही हळहळ वाटते.

कलकत्त्यात मात्र दार उघडले, आणि त्याची कथा आपल्याकडे फारच कमी सांगितली जाते. फ्रीडरिख विल्हेल्म लेव्ही हे लाइपझिगचे बीजगणिती. तेही युद्धात लढलेले होते, म्हणून १९३३ मध्ये वाचले आणि १९३५ मध्ये गेले. कलकत्ता विद्यापीठात गणिताचे हार्डिंज पीठ त्याच वर्षी गणेश प्रसाद यांच्या निधनाने रिकामे झाले होते. गणेश प्रसाद तरुणपणी ग्यॉटिंगेनमध्ये शिकलेले होते. त्या पीठावर लेव्ही यांची नेमणूक झाली आणि १९४८ पर्यंत ते तिथे राहिले. आधुनिक बीजगणित भारतीय विद्यापीठाच्या वर्गात रुजवण्याचे बरेच श्रेय त्यांना जाते. राजचंद्र बोस या तरुण संख्याशास्त्रज्ञाला सांत क्षेत्रांची (मर्यादित संख्येच्या घटकांच्या बीजगणिती रचनांची) ओळख लेव्ही यांच्यामुळे झाली आणि बोस यांनी ती लॅटिन चौरसांच्या, म्हणजे प्रत्येक ओळीत आणि स्तंभात प्रत्येक चिन्ह एकदाच येईल अशा मांडणीच्या, रचनेत वापरली. याच वाटेवर पुढे बोस, त्यांचे विद्यार्थी शरदचंद्र श्रीखंडे आणि अमेरिकन गणितज्ञ अर्नेस्ट पार्कर यांनी १९५९ मध्ये अशा चौरसांविषयीची गणितज्ञ ऑयलरची १७८२ सालची अटकळ खोटी ठरवली. नागपूरला अध्यापन केलेले श्रीखंडे त्यानंतर मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे संस्थापक-प्रमुख झाले. लाइपझिगमधून काढलेल्या एका प्राध्यापकापासून मुंबई विद्यापीठाच्या कालिन्यापर्यंत येणारी ही रेषा मला कोणत्याही आकडेवारीपेक्षा अधिक बोलकी वाटते. लेव्ही स्वतःही १९४८ मध्ये मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि १९५२ मध्ये बर्लिनला परतेपर्यंत इथे राहिले. दामोदर धर्मानंद कोसंबी तेव्हा तिथेच होते.

१९३३ आणि आजचा काळ यांची बरोबरी मी करत नाही. वंशाच्या कायद्याने काढणे आणि अनुदान थांबवणे यांत मोठे अंतर आहे. तरी हलण्याची प्रक्रिया तीच आहे. जानेवारी २०१६ मध्ये तुर्कस्तानात शांततेच्या निवेदनावर सह्या करणाऱ्या शेकडो अध्यापकांवर कारवाई झाली, आणि त्यांतले काही जण जर्मनीत गेले ते फिलिप श्वार्ट्झ यांच्याच नावाने जर्मन सरकारच्या पाठबळाने चालणाऱ्या योजनेतून. मार्च २०२५ मध्ये फ्रान्सच्या एक्स-मार्सेय विद्यापीठाने अमेरिकेतल्या संशोधकांसाठी १.५ कोटी युरो जाहीर केले, आणि मे महिन्यात युरोपीय संघाने २०२५ ते २०२७ साठी ५० कोटी युरोंची घोषणा केली. 'नेचर' नियतकालिकाने त्या वसंतात विचारलेल्या प्रश्नाला १६०० हून अधिक शास्त्रज्ञांनी उत्तर दिले आणि त्यांतल्या तीन-चतुर्थांश जणांनी अमेरिका सोडण्याचा विचार करत असल्याचे सांगितले. विचार करणे आणि जाणे यांत अंतर असते, हे खरे आहे.

आपल्याकडे २०२३ पासून 'वैभव' ही अधिछात्रवृत्ती आहे, परंतु ती भारतीय वंशाच्या परदेशस्थ शास्त्रज्ञाला वर्षातून एक-दोन महिने इथे येऊन काम करता यावे यासाठी आहे. परत येणाऱ्या भारतीय संशोधकांसाठी रामलिंगस्वामी अधिछात्रवृत्ती पाच वर्षांची आहे, तिच्यानंतर कायमच्या जागेची हमी नाही. लेव्ही यांना कलकत्त्याने खास योजनेतून आणले नव्हते. आधीपासून असलेले, रिकामे झालेले पीठ होते, त्यावर नेमले, इतकेच केले. महाराष्ट्रातल्या सार्वजनिक विद्यापीठांत प्राध्यापकांच्या अनेक जागा वर्षानुवर्षे भरल्या गेलेल्या नाहीत. त्यांतल्या थोड्या तरी, मूळ देश कोणता हे न विचारता, अशा माणसांसाठी उघड्या कराव्यात, नेमणूक कायमची असावी, प्रयोगशाळेचा पैसा वेळेवर यावा, जोडीदाराला काम करण्याची परवानगी मिळावी आणि निर्णय महिन्यांत नव्हे तर आठवड्यांत व्हावा, अशी मागणी आपल्या अधिसभांमध्ये आणि विधिमंडळात कोणीतरी नाव घेऊन मांडायला हवी आहे. मी माझ्या विद्यापीठाच्या अधिसभेतल्या ओळखीच्या सदस्यांना तसे पत्र लिहिले आहे, आणि ज्या वाचकांची अशी ओळख असेल त्यांनीही लिहावे अशी माझी विनंती आहे.